तबल्याविना मारवा

"बाई, दुसरी लाँच पन आली. सगली मानसा उतरली. मी आत जाऊन बाकाखाली पन बघितला. तुमचा तबलेवाला न्हाय."

रेवसच्या जेट्टीवरून प्रमोद फोनवर बोलत होता. प्रमोद म्हणजे माझी शिष्या नयना, तिचा थोरला भाऊ. सकाळपासून पिकअप घेऊन तो तिथे उभा होता. मी मुरुडला, कोळीवाड्यातल्या हॉलमध्ये, सतरंज्या मोजत. म्हणजे सतरंज्या मोजायची गरज नव्हती. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मोजत होते.

"असं कसं?" मी म्हटलं. "मुकुंदरावांनी स्वतः फोन करून सांगितलंय मला, बोट लागली म्हणून. तिथेच असतील. चहाच्या टपरीवर बघ. गोरे, टक्कल, दोन खांद्यांना दोन पिशव्या."

"टकले चार मिलाले बाई. चारींना विचारला. एकाकडं कोंबड्या होत्या. तबला कोनाकडंच न्हाय."

संध्याकाळी, सूर्य बुडायच्या सुमाराला प्रोग्रॅम होता. रेवसहून मुरुडला यायचं म्हणजे अलिबागमधून, खड्ड्याखड्ड्याने, अडीच तासांची वाट. हिशेब करायला गणित लागत नव्हतं.

आता मी कोण ते सांगते. मी गाण्याची बाई. मुरुडला लग्न होऊन आले तेव्हा इथे शास्त्रीय गाणं म्हणजे रेडिओ खराब झाला असं समजायचे. तेव्हापासून शिकवतेय. मी पहाटे खर्ज लावते, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा रियाज करते, तेव्हा वाडीतले नारळ आपोआप गळतात. पाडायला माणूस बोलवावा लागत नाही. दिघीची फेरीबोट एकदा माझ्या तानेला भोंगा वाजवून उत्तर देऊन गेली होती. शेजाऱ्यांना विचारा. ते नाही म्हणतील, पण ते जळतात.

नयना माझ्याकडे आली ती माशांच्या लिलावातून. पहाटे जेट्टीवर बोली पुकारायचं काम तिचं. वाऱ्याच्या उलट दिशेने, चार बोटींची इंजिनं चालू असताना, पापलेटाचा भाव शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे, असा आवाज. आमच्या धंद्यात 'आवाज लावणं' म्हणतात. घशातून ओरडायचं नाही, पोटातून श्वास सोडायचा आणि सूर त्यावर अलगद ठेवायचा. लिलावाचा आवाज गाण्यासाठी लावायला मला कैक वर्षं लागली. आधी ती 'सा' म्हणायची तेव्हा मला माशांची पाटी विकत घ्यावीशी वाटायची. पण श्वास? देवाशपथ सांगते, ती एक 'सा' धरून बसली की मी उठून चहा टाकते, गाळते, कप घेऊन परत येते, आणि 'सा' तिथेच असतो.

मुंबईत माझी गुरुभगिनी आहे. एकाच गुरूकडे शिकलेल्या बायका आम्ही. तिने नयनाचं गाणं ऐकलं आणि म्हणाली, हिला माझ्या घरी ठेवून घेते, जुन्या पद्धतीने, सकाळ-संध्याकाळ शिकवते. माझ्याकडे जे होतं ते देऊन झालं होतं. पोरीने पुढे जायचं तर तिथेच.

अडचण एकच, हिराबाय. नयनाची आई. दोन बोटींची मालकीण. बाजारात हिराबाय बसली की शेजारच्या कोळणी आपोआप हळू बोलतात. ती मला म्हणाली होती, "बाय, पोरगी नेलीत म्हंजे माजा उजवा हात नेला. फुकट न्हाय देनार. आमच्या हॉलात, आमच्या मानसांसमोर तिला बसवा. तुमचा तो आऽऽ-आऽऽ पुरा होऊ दे. मी ऐकन. मना पटला तर जाईल. न्हाय पटला तर तुमी मना परत विचारायचा न्हाय."

मी हो म्हटलं. हिराबायला नाही म्हणणारा माणूस अजून कोळीवाड्यात जन्मायचा आहे.

त्या दिवशी एकही बोट समुद्रात गेली नव्हती. हिराबायने सांगितलं होतं, पोरीचं गाणं आहे, घरी बसा. अख्ख्या कोळीवाड्याने धंदा बुडवून यायचं ठरवलं होतं. आणि माझ्याकडे तबलजी नव्हता.

तबलजी नसला तर काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. सांगते. ख्याल गायचा तर विलंबित एकताल लागतो. बारा मात्रांचा, इतका संथ की दोन ठोक्यांच्या मधे माणूस पान लावून खाऊ शकतो. तो ठेका सांभाळणारा असल्याशिवाय गाणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. अशा ठेक्याला बसणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर मिळत नाही. म्हणून गिरगावातून मुकुंदराव. मोठा गुणी माणूस, थोडा तुसडा. भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या लाँचने रेवसला यायचं, पुढे प्रमोदची गाडी, असं ठरलं होतं.

आणि सकाळी त्यांचा फोन आला होता. मागे वारा, भोंगा, माणसांचा गलका. ते म्हणाले, "बाई, बोट लागली."

मी म्हटलं, "वा! छान! अगदी वेळेवर."

मग ते म्हणाले, "छान?" आणि फोन बंद. तेव्हापासून स्विच्ड ऑफ.

मला वाटलं, रेंज गेली.

दुपारी इक्बालभाई पेटी घेऊन आले. इक्बालभाईंचं मुरुडला छोटं लॉज आहे. तरुणपणी जहाजावर होते, पेटी तिथेच शिकले, आणि आमच्याकडे साथीला तेच असतात. मी त्यांना सगळं सांगितलं. लाँच आली, माणूस नाही, फोन बंद, प्रमोद टकले शोधतोय.

ते पेटीचा भाता सोडत होते. थांबले.

"बाई, ते काय म्हणाले? नेमके लफ्ज सांगा."

"बोट लागली म्हणाले."

"बोट धक्क्याला लागली, की त्यांना लागली?"

मी सतरंजीवर बसलेच.

आमच्या इथे उठता-बसता बोटी लागतात. बोट लागली म्हणजे किनाऱ्याला टेकली, माल उतरवा. मुरुडात इतकी वर्षं राहून दुसरा अर्थ माझ्या डोक्यातून धुऊन गेला होता. गिरगावातल्या माणसाला बोट लागते म्हणजे पोट ढवळतं, डोळे फिरतात आणि तो कठड्यावरून वाकतो. मुकुंदराव बिचारे भाऊच्या धक्क्यावर हेलकावणाऱ्या लाँचमध्ये बसून ओकत होते. त्यांनी मला सांगितलं, मला बोट लागली. आणि मी म्हटलं, वा, छान, अगदी वेळेवर.

मी, जी पोरांच्या निषादातला केसाएवढा फरक ऐकून छडी उगारते, मला त्या माणसाच्या आवाजातली मळमळ ऐकू आली नाही. आवाज खाली गेलेला वाटला होता, पण मी म्हटलं, वय झालं.

"जहाजावर आम्ही असं कुणाला छान म्हटलं असतं," इक्बालभाई म्हणाले, "तर त्याने आम्हाला पाण्यात टाकलं असतं."

प्रमोदला परत बोलावलं. मग फोनांचा सपाटा. अलिबागच्या एका तबलजीचं स्वतःच्या पुतणीचं लग्न होतं. दुसऱ्याचा हात प्लास्टरमध्ये. तिसऱ्याने विचारलं, एकताल म्हणजे तो जरा वेगळाच ना? मी फोन ठेवला. उन्हं कलायला लागली होती, बाहेर साउंडवाला 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' करत होता, आणि प्रत्येक हॅलोला माझा जीव एक इंच खाली सरकत होता.

तेवढ्यात हिराबाय आली. हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा एवढा मोठा वळेसर, अंगावर होतं-नव्हतं ते सोनं. म्हणजे तीसुद्धा घाबरलेली होती. कोळीण घाबरली की दागिने घालते.

"तबलेवाला कुठं हाय?"

खोटं बोलायचं मी दोनदा ठरवलं. तिच्या डोळ्यांकडे बघून दोन्हीदा रद्द केलं. सांगून टाकलं.

ती हसली नाही. म्हणाली, "मग दिन्याला बसवा ढोलकीवर. पोरगी आपली गानी म्हनंल, बाया नाचतील. मानसा आलीत ती खूश होऊन जातील."

दिन्या कोळीवाड्यातला ढोलकीवाला. हात असा की मेलेली सुरमई उठून फेर धरेल. आणि उपाय सोपा होता, सोयीचा होता. पण मला पुढचं दिसत होतं. नयना ठेक्यात कोळीगीतं म्हणणार, हॉल डोक्यावर घेणार, आणि हिराबाय म्हणणार, हे तर ती घरीपण म्हनते, त्याला मुंबई कशाला? तिने अट पाळली असती. मी हरले असते. पोरगी परत पाटीशी.

नयना हॉलच्या मागच्या खोलीत तंबोरा मांडीवर घेऊन बसली होती. तंबोरा जुळवत नव्हती, नुसती धरून बसली होती.

"बाई, दिन्या बसू दे का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं घरी जावं."

मी म्हटलं, "मारवाच गायचा. पण नुसता आलाप. ठेक्याशिवाय. बंदिशीचे शब्द नाहीत, तबला नाही. मुकुंदराव येतील तेव्हा येतील, नाही आले तर नाही."

"किती वेळ?"

"मावळेपर्यंत."

तिचा चेहरा उतरला. "बाई, आमची माणसं आहेत. पाच मिनिटांत शेंगा खायला लागतील. आई पहिल्या रांगेत बसणार आहे. ठेका नसला तर मी लपू कुठे?"

लपायला जागा नव्हतीच. आलाप म्हणजे एकेक सूर हळूहळू उलगडत जायचा. पाठीमागे तंबोरा, फार तर पेटीचा एक सूर. चुकलं तर सगळ्यांना ऐकू येतं आणि बरोबर आलं तर ते पण. त्यात राग मारवा. मावळतीचा, बेचैन राग. 'सा' म्हणजे गाण्याचं घर, पण मारव्यात त्या घरात शिरायचं नसतं. रिषभावर थांबायचं, धैवतावर थांबायचं, 'सा' समोर दिसतो, आणि त्याच्या बाजूने निघून जायचं. ऐकणाऱ्याचा जीव टांगलेला राहतो. शिकलेल्या श्रोत्यांनाही तो झेपत नाही. मी तो कोळीवाड्याला झेपवायला निघाले होते, तेही तबल्याशिवाय. पण बसवलेला तोच होता, ऐनवेळी दुसरा राग काढणं म्हणजे चालत्या बोटीचं इंजिन बदलणं.

"तुझा श्वास आहे ना?" मी विचारलं. "मग त्याच्यावर बस."

हॉल भरला. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं खिडक्यांत. गजऱ्यांचा आणि सुक्या बोंबलांचा असा वास एकत्र की तंबोऱ्याला शिंक यावी. हिराबाय पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. इक्बालभाईंनी पेटीवर सूर धरला. मी नयनाच्या मागे दुसरा तंबोरा घेऊन बसले, म्हणजे मला सगळ्यांचे चेहरे दिसणार होते. ती शिक्षा मी स्वतःच निवडली होती.

नयनाने खालचा निषाद लावला. मग रिषभ. थांबली. परत निषाद.

जरा वेळाने दुसऱ्या रांगेतली एक बाई शेजारणीला अगदी स्पष्ट म्हणाली, "चालू कवा व्हनार?"

पोरं हसली. नयनाचा धैवत थोडा हलला. मला वाटलं संपलं. शेंगांच्या पुड्या उघडल्याचे आवाज यायला लागले. कोणाचा तरी फोन वाजला, त्यावर कोळीगीताचीच रिंगटोन, आणि अख्ख्या हॉलचे पाय नकळत हलले. हिराबायने मान न वळवता हात वर केला. फोन बंद झाला. तिचा चेहरा मात्र काही सांगत नव्हता. लिलावात भाव चढत असताना ती ठेवते तोच, बंद दुकानासारखा चेहरा.

नयनाने डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला आणि रिषभ धरला. नुसता धरला. हलवला नाही, नटवला नाही. मी चहा टाकला असता आणि गाळलाही असता. हॉलमध्ये कोणीतरी तिच्याबरोबर श्वास धरून बसलं असावं, कारण ती थांबली तेव्हा मला समोरून धापा ऐकू आल्या.

मग ती वर चढायला लागली. गंधार, तीव्र मध्यम, धैवत. 'सा'च्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि वळायची. पुन्हा जायची, पुन्हा वळायची. खिडकीतून लाल उजेड आत आला होता. शेंगा कुठल्या कुठे थांबल्या. बायका पुढे सरकल्या होत्या. कोणी वाहवा करत नव्हतं, त्यांना ती पद्धतच माहीत नव्हती. त्या नुसत्या बघत होत्या. संध्याकाळी बंदरात उशिरा येणाऱ्या बोटीकडे धक्क्यावरच्या बायका बघतात, तशा.

मागे एक म्हातारा तांडेल बसला होता. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या हातात सुकाणू. त्याला राहवलं नाही.

"लाव गो बाय आता," तो म्हणाला. "किती घिरट्या घालशील?"

कोणी हसलं नाही. नयनाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अजून नाही. माझी स्वतःची छाती इतकी धडधडत होती की तंबोरा तालात वाजतोय असं वाटत होतं. ती परत वळली. धैवतावर गेली. निषादावर गेली. तिथे उभी राहिली, उभी राहिली, आणि मग वरचा 'सा' लावला. सरळ, मोकळा, लिलावातला तोच श्वास, पण ओरडणं नाही.

हॉलमधून एकदम उसासा निघाला. पुढच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "लागली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने पुसलं आणि बोंबलाच्या वासावर ढकललं.

तेव्हाच मागच्या दारातून मुकुंदराव आले. चेहरा कच्च्या कैरीचा, हातात अर्धं लिंबू, खांद्यांवर दोन पिशव्या. लाँच सुटायच्या आधीच ते भाऊच्या धक्क्यावर उतरले होते, माझ्यावर चिडून फोन बंद केला होता, घरी जायला निघाले होते. मग वाटेत राग उतरला, लाज वाटली, आणि त्यांनी टॅक्सी करून रस्त्याने यायचं ठरवलं. मी कानात विचारलं, रस्त्याने त्रास नाही ना झाला?

"गाडीही लागली," ते म्हणाले. "छान म्हणू नका."

ते बसले. हातोडीने ठोकून तबला सुरात आणू लागले. श्रोत्यांना वाटलं, हाही प्रोग्रॅमचाच भाग, एकदोघांनी टाळ्या दिल्या. मग मारव्याचीच जलद बंदिश झाली. चांगली झाली. पण नयना जराशी अंग चोरून गात होती. आता मोजायला माणूस होता ना. एकदा ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, थोडी उशिरा आली. मुकुंदरावांनी सांभाळून घेतलं. मला कळलं, त्यांना कळलं, बाकी कोणाला कळायचं कारण नव्हतं.

प्रोग्रॅम संपला. माणसं चहाकडे वळली. हिराबाय उठून आमच्याकडे आली. नयना तंबोऱ्याला गवसणी, म्हणजे कापडी खोळ, घालत होती. गाठ बसत नव्हती, तिसऱ्यांदा बांधत होती.

हिराबायने आधी मुकुंदरावांकडे बघितलं. कमरेच्या बटव्यातून आल्याचा तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला. "चघला. पोट बसंल."

मुकुंदराव आभार मानू लागले.

"वाजवलात बरा," ती म्हणाली. "पन तुमी यायच्या आदी जास्त बरा चालला होता."

सात तास उलट्या करत आलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. इक्बालभाईंनी तोंड फिरवलं. मी तंबोऱ्याच्या आड गेले.

मग ती नयनाकडे वळली. "तो मानूस आल्यावर तू घाबरलीस का?"

नयना म्हणाली, "ताल चुकंल म्हणून."

"आनि आदी? आदी कोन नव्हता तवा?"

"तवा तुला घाबरत होते."

हिराबायने लेकीच्या हातातून गवसणीची नाडी घेतली, एका झटक्यात कोळ्याची गाठ मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, तुमच्या त्या मुंबईवालीला सांगा, हिला सकाली भाकर लागते. पोहे देऊन फसवायचा न्हाय."

नयना महिन्याच्या आत गेली. लिलाव आता प्रमोद पुकारतो. भाव पडलेत असं हिराबाय म्हणते, ते त्याच्या आवाजामुळे की माशांमुळे ते सांगत नाही. मुकुंदराव चार दिवस इक्बालभाईंच्या लॉजवर मुक्कामाला होते, कारण परत जायला बोट नको आणि गाडीही नको. मुरुडला रेल्वे कधी येणार अशी त्यांनी गावभर चौकशी केली.

मी एवढं शिकले: तबलजी जरूर बोलवावा, पण त्याच्यावाचून ज्याचं गाणं उभं राहत नाही, त्याच्यासाठी बोलवू नये. आता नवा शिष्य आला की पहिल्याच दिवशी मी त्याला तंबोऱ्यासमोर बसवते, अर्धा तास, ठेका नाही, पेटी नाही, माझी मान हलवणंही नाही. निम्मे दुसऱ्या दिवशी येत नाहीत. उरलेल्यांना शिकवायला वेळ बरा मिळतो.